भगीरथाचे काय झाले?

ठाण्याला दोन मोठी नाट्यगृहे आहेत आणि दोन्हींची नावे विचार करायला लावणारी आहेत. मासुंदा तलावाच्या काठी १९७८ साली उभे राहिले ते राम गणेश गडकऱ्यांच्या नावाचे. दुसरे पोखरण रस्ता क्रमांक दोनच्या अंगाला, डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या नावाचे. पहिले नाव ज्या नाटककाराचे, त्याने मराठी भाषेला दारूवरचे सर्वांत प्रभावी नाटक दिले. दुसरे ज्या नटाचे, त्याच्या आयुष्यावर २०१८ साली निघालेल्या चित्रपटात टाळ्यांच्या जोडीला पेलाही पुष्कळ आहे. एका शहराने आपल्या दोन रंगमंदिरांच्या नावांत नकळत एकच प्रश्न मांडून ठेवावा, असे क्वचित घडते.

या दोहोंच्या वाटेवर माजिवडा लागतो. एकेकाळी हे गाव होते. आज तो एक नाका आहे. मुंबईहून नाशिकला जाणारा हमरस्ता आणि घोडबंदरचा रस्ता यांची इथे गाठ पडते. वर उड्डाणपूल, त्याहून वर मेट्रोचे खांब, आजूबाजूला तीस-तीस मजल्यांच्या इमारती, आणि या सगळ्यांच्या मधोमध जुन्या माजिवडा गावातली घरे अजून अंग चोरून उभी आहेत. नाक्यावरच्या प्रचंड फलकांवर काय नसते? घर, मोटार, दागिने, सहल, आणि एखाद्या मद्याच्या नावाशी तंतोतंत जुळणाऱ्या नावाचा साधा सोडा. दारूची उघड जाहिरात करायला आपल्याकडे बंदी आहे. म्हणून दारूचे नाव सोड्याच्या अंगावर चढवून नाक्यावर उभे करतात. बघणाऱ्याला काय समजायचे ते समजते. ज्याने सोडा कधीच नुसता घेतला नाही, त्याला तर सर्वांच्या आधी समजते.

अशा नाक्यावरून रोज कामाला जाणारा, आणि दारू सोडून दोन-तीन महिने झालेला एखादा गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या दृष्टीने हे गाव कसे दिसत असेल? मराठी साहित्यात या गृहस्थाला जागा कुठे आहे? तो बुडत असताना आपल्या नाटककारांनी त्याला भरपूर पाहिले. तो वर येत असताना त्याला कोणी पाहिले काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर ‘एकच प्याला’कडेच पुन्हा गेले पाहिजे. आणि तेथे सुधाकराकडे पाहून चालणार नाही. भगीरथाकडे पाहिले पाहिजे.

भगीरथ कोण, असे काही वाचक विचारतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. नाटक पाहून घरी परतणारा प्रेक्षक सुधाकराला विसरत नाही, सिंधूला विसरू शकत नाही आणि तळीरामाचे विनोद तर आठवडाभर घोळवतो. भगीरथ मात्र पडदा पडण्यापूर्वीच मनातून निघून गेलेला असतो. वास्तविक या संपूर्ण नाटकात दारू सोडून ती सोडलेलीच ठेवणारा हा एकच माणूस. प्रेमभंगाने दारूकडे वळलेला, आर्य मदिरा मंडळाच्या वाऱ्यात सापडलेला हा तरुण रामलालच्या बोधाने सावरतो, लोकसेवेच्या मार्गाला लागतो, आणि शेवटी विधवा शरदचा हात त्याला मिळतो. नाटकाच्या नावाचे म्हणणे असे की, एका पेल्यानंतर परतीची वाट नाही. आणि त्याच नाटकात एक माणूस परत आलेला आहे! ही विसंगती आपल्या रसिकांना व टीकाकारांना फारशी टोचली नाही, हेच मला नवल वाटते.

*

‘एकच प्याला’ गडकऱ्यांनी १९१७ साली लिहिले. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे ते वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास नाटकाचा पहिला प्रयोग केला. सिंधू बालगंधर्वांची, सुधाकर गणपतराव बोडसांचा, पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची. नाटककाराने आपले सर्वांत गाजलेले नाटक रंगमंचावर पाहिलेच नाही.

दारूचा विषय मराठी रंगभूमीला तेव्हा नवा नव्हता. १९१३ साली खाडिलकरांनी ‘विद्याहरण’मध्ये मद्यासक्त शुक्राचार्य उभा केला होता. शिष्याची राख दारूतून पोटात गेल्यावर ज्याचे डोळे उघडतात, असा हा गुरू. त्याचे दारू सोडणे थोरांच्या थाटाचे आहे. तो स्वतः सोडतो आणि सगळ्या जगालाही सोडायला लावतो. गडकऱ्यांनी हा विषय देवदैत्यांच्या दरबारातून काढून मध्यमवर्गीय वकिलाच्या माजघरात आणला. त्यांचे मोठेपण यात आहे. आपली सनद काही महिन्यांपुरती गेली एवढ्या अपमानाने खचलेल्या हुशार, मानी सुधाकराला तळीराम पहिला पेला देतो. पुढचे सारे ठाऊकच आहे. नोकरी, घर, भावकी, अब्रू एकामागून एक जातात. सिंधू जात्यावर बसते. अखेर मूल जाते, सिंधू जाते, आणि सुधाकर विष कालवलेला शेवटचा पेला तोंडाला लावतो.

या चढत्या अधःपाताचे वर्णन इतके बिनचूक आहे की, आजच्या मनोविकारतज्ज्ञालाही त्यात फारसे खोडता येणार नाही. दारूच्या अवस्थांविषयी सुधाकर रामलालपाशी जे बोलतो त्याचा मथितार्थ असा की, सोडणे ज्या काळात सोपे असते तेव्हा सोडावीशी वाटत नाही, आणि सोडावीशी वाटू लागते तेव्हा सोडवत नाही. एवढे नेमके निदान त्या काळात, वैद्यकाचे शिक्षण न घेतलेल्या माणसाने केले. म्हणून नाटकाचे निदान चुकले असे मला म्हणावयाचे नाही. किंबहुना पहिलाच पेला घातक, हे गडकऱ्यांचे सूत्र आजही खरे आहे. फरक एवढाच की गडकऱ्यांनी ते न पिणाऱ्याला धाक म्हणून सांगितले, आणि पुढे जगाने ते सोडलेल्याला आधार म्हणून सांगितले.

*

हा आधार कसा मिळाला याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९३५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील अॅक्रन नावाच्या गावी बिल विल्सन हा शेअरबाजारातला दलाल एका हॉटेलात उभा होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. ज्या धंद्यासाठी तो परगावी आला होता तो बुडाला होता. खिशात पैसे नव्हते. एका बाजूला बार होता, तेथून माणसांचे हसणे ऐकू येत होते. दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता. तो टेलिफोनकडे वळला. या गावात माझ्यासारखाच दुसरा कोणी दारुडा असेल तर त्याची गाठ घालून द्या, असे त्याचे मागणे होते. गाठ पडली ती डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाशी. दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले, आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही आज जगभर पसरलेली चळवळ निघाली. तिचा मंत्र साधा आहे. जन्मभराचे वचन देऊ नका. फक्त आजचा दिवस पहिल्या पेल्याला हात लावू नका.

आता याच्या शेजारी सुधाकराचा प्रसंग ठेवून पाहा. सुधाकरही मध्ये दारू सोडतो. हा भाग प्रेक्षकांच्या फारसा लक्षात राहत नाही, पण माझ्या मते नाटकाचे मर्म इथेच आहे. तो सिंधूला शब्द देतो आणि कामधंदा शोधण्यासाठी जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठित माणसांची दारे ठोठावतो. काम कोणी देत नाही. अपमान मात्र सगळे देतात. दारुडा म्हणून कालपर्यंत ज्याला हसत होते, दारू सोडलेला म्हणून आज त्याच्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नाही. जळफळत तो परत येतो आणि पुन्हा पेल्याकडे वळतो. पहिल्या वेळीही अपमानच होता, दुसऱ्या वेळीही अपमानच आहे. विल्सनला टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला माणूस मिळाला. सुधाकराला दार लावून घेणारी माणसे मिळाली. म्हणजे सुधाकराचा सर्वनाश पहिल्या पेल्याने जितका केला, तितकाच त्या बंद दारांनी केला. गडकऱ्यांच्या हातून हे सत्य रंगमंचावर येऊन गेले. परंतु नाटकाच्या नावाने ते झाकून टाकले. आपण नाव लक्षात ठेवले आणि दारे विसरलो.

याउलट भगीरथाला काय मिळाले? त्याला काम मिळाले, त्याच्यावर विश्वास टाकणारा रामलाल मिळाला, आणि पुढे घर मिळाले. सुधाकराला जे जे नाकारले गेले ते ते भगीरथाला दिले गेले. हा विरोध गडकऱ्यांनी जाणून मांडला की कथानकाच्या ओघात तो आपोआप मांडला गेला, हा वाद घालण्याचे कारण नाही. तो संहितेत आहे, एवढे पुरे.

मात्र भगीरथाच्या चित्रणात एक मोठी उणीव आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. गडकऱ्यांनी त्याला फार स्वस्तात बरे केले. रामलालने उपदेश केला आणि भगीरथ सुधारला. त्याचे हात थरथरत नाहीत. त्याची झोप उडत नाही. संध्याकाळ झाली की त्याच्या घशाला कोरड पडत नाही. सुधाकराचे बुडणे पाच अंक चालते, भगीरथाचे वर येणे एका प्रवेशात आटोपते. नाटककाराच्या प्रतिभेला पतनात जेवढा रस होता तेवढा पुनरुत्थानात नव्हता, असेच म्हणावे लागते. म्हणून भगीरथ आपल्याला पटत नाही, आणि पटत नाही म्हणून आठवत नाही. न पटणारा सुधारलेला माणूस आणि न विसरता येणारा बिघडलेला माणूस, अशी ही वाटणी आपण शंभर वर्षे वापरतो आहोत. ती वाटणी व्यसन सोडू पाहणाऱ्याच्या मुळावर आली आहे.

*

आता आर्य मदिरा मंडळाकडे वळू. नाटकातील हे मंडळ म्हणजे निव्वळ थट्टा, असे मानण्याची चाल आहे. पण त्याचा थाट जरा नीट पाहावा. मंडळाला नाव आहे, सभासद आहेत, वादविवाद आहेत. शास्त्री आहे, तसा खुदाबक्षही आहे. बाहेर समाजसुधारकांना जे साधेना ते इथे पेल्याने साधले आहे. पिण्याला प्रतिष्ठा देणे, एकट्याच्या दुर्गुणाला संघटनेचे रूप देणे, आणि न पिणाराच मागासलेला ठरवणे, हे या मंडळाचे खरे काम. आज हे काम करायला तळीरामाची गरज उरलेली नाही. फलक ते करतात, हातातल्या फोनवर येणाऱ्या जाहिराती ते करतात, कचेरीतल्या मेजवान्या ते करतात. मंडळाची वर्गणी मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली आहे.

आणि या वर्गणीचा मोठा वाटेकरी तळीराम नव्हताच कधी. या बाबतीत ठाणे जिल्ह्याचा इतिहास सांगून ठेवला पाहिजे. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारीचा कायदा झाला. गावोगावच्या छोट्या भट्ट्यांवर गदा आली, दारू गाळण्याचा मक्ता मोठ्या ठेकेदारांकडे गेला, आणि ताडामाडाच्या झाडांवर सरकारने जबर कर बसवला. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा आला. ज्या फुलाचा आदिवासी घरात अन्न म्हणूनही उपयोग होई, ते फूल साठवणे गुन्हा झाले. हेतू लोकांची दारू सोडवण्याचा नव्हता. लोकांनी सरकारच्या हिशेबातली दारू प्यावी, हा होता. त्याच सुमारास, १८८० साली, पुण्यात जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद या नात्याने दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध पत्र लिहीत होते. १९०८ साली टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. म्हणजे गडकऱ्यांनी नाटक लिहिले तेव्हा दारूतून कोणाची तिजोरी भरते, हा प्रश्न महाराष्ट्रात चांगला तापलेला होता. तरी ‘एकच प्याला’त दारू विकणारा कुठेच दिसत नाही! पिणारा दिसतो, पाजणारा दिसतो, रडणारी दिसते. विकणारा आणि कर गोळा करणारा मात्र पडद्याआड राहतो. ‘एकच प्याला’वर माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

तो पडदा अजून उठलेला नाही. स्वतंत्र भारताच्या संविधानाने ४७ व्या अनुच्छेदात दारूबंदीची दिशा सांगितली. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. तो कायदा महाराष्ट्रात आजही आहे आणि कागदोपत्री पिणाऱ्याला आजही परवाना लागतो. दुसरीकडे २०२५ च्या जूनमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांचे जादा उत्पन्न अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. एका हातात दारूबंदीचा कायदा आणि दुसऱ्या हातात दारूची जमाबंदी, अशा अवस्थेत सरकारला तरी सुधाकर बरा झालेला परवडेल काय? बरा झालेला माणूस म्हणजे बाजाराचे गेलेले गिऱ्हाईक आणि तिजोरीची गेलेली पावली. त्याचे स्वागत करण्यात कोणाचाच व्यापारी फायदा नाही. बुडालेला माणूस मात्र दोनदा कामाला येतो. एकदा पिताना, आणि दुसऱ्यांदा त्याच्या शोकांतिकेचे तिकीट काढून आपण रडायला जातो तेव्हा.

दारूचेच कशाला? ऑनलाइन पत्त्यांच्या खेळांवर घरबसल्या पैसे लावायला सांगणाऱ्या जाहिराती आपल्या आवडत्या नटांनी वर्षानुवर्षे केल्या. त्यांच्या शेवटी घाईघाईने एक इशाराही म्हटला जाई, तोही इतक्या वेगाने की कान टवकारून ऐकला तरच कळावा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावण्याचे हे खेळ आणि त्यांच्या जाहिराती यांवर बंदी घातली. तोवर कित्येक घरांत तळीराम उशाखालच्या फोनमध्येच येऊन बसला होता.

*

या अंधारात आपल्याकडे एक दिवा लागला, तो साहित्याच्या हातून लागला, हे मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे. अनिल अवचटांनी ‘गर्द’ या विषाविषयी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यास येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. विनोदी लेखकाच्या पैशाने आणि शोधक लेखकाच्या लेखणीने व्यसनमुक्तीचे केंद्र उभे राहावे, ही गोष्ट कोणत्याही भाषेला भूषणावह आहे. मुक्तांगणाशी सुरुवातीपासून निगडित असलेल्या डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली. ज्या ठाण्याचे नाव १९०१ पासूनच्या वेड्यांच्या इस्पितळामुळे उभ्या महाराष्ट्रात थट्टेचा विषय झाले होते, त्याच ठाण्यात मनाच्या दुखण्याविषयी मोकळेपणे बोलणारी माणसे जमू लागली. पुढे प्रशांत दळवींच्या ‘गेट वेल सून’ या नाटकाने व्यसनमुक्ती केंद्र रंगमंचावर आणले. सुधाकराच्या रंगभूमीवर, उशिरा का होईना, परतीच्या वाटेवरचा माणूस नायक झाला.

मुक्तांगणाच्या पद्धतीत भगीरथाच्या चित्रणातली उणीव भरून निघालेली दिसते. तेथे उपदेशाने कोणी सुधारत नाही. तेथे पस्तीस दिवस राहावे लागते. आधी शरीरातील विष उतरते, मग बोलणे सुरू होते, आणि बोलणारा सल्लागार पुष्कळदा स्वतःच कधी काळी पिणारा असतो. बाहेर पडल्यावर घसरलाच तर दार बंद होत नाही. घसरणे हा दुखण्याचा भाग आहे, पाप नव्हे, असे मानले जाते. रामलाल उंचावरून हात देतो. इथे हात देणारा त्याच चिखलातून बाहेर आलेला असतो. हा फरक थोडाथोडका नाही.

दुसरा फरक सिंधूविषयी आहे. मरताना सिंधू फौजदाराला खोटे सांगते, नवऱ्याला वाचवते, आणि सारे नाट्यगृह हुंदके देऊ लागते. बालगंधर्वांच्या त्या सिंधूवर पिढ्यान्‌पिढ्या स्त्रिया रडल्या. त्या रडण्याची थट्टा मला करवणार नाही. त्यात त्यांची स्वतःची दुखणी होती. परंतु आज विचारले पाहिजे की, नवऱ्याचा प्रत्येक अपराध पोटात घालणारी ही पत्नी त्याच्या दारूला नकळत आधारच देत नव्हती काय? मुक्तांगणात बायकांसाठी ‘सहचरी’ गट सुरू झाला, त्याचे मर्म हेच आहे. पिणाऱ्याबरोबर घरही आजारी पडते, म्हणून घरालाही बरे व्हावे लागते. नाटकातली तळीरामाची बायको गीता नवऱ्याला तोंडावर खडसावते, म्हणून आपण तिला हसतो. आणि सिंधू सोसते म्हणून तिला नमस्कार करतो. या दोघींच्या मान-अपमानाची वाटणी आपण एकदा पुन्हा करायला हवी.

एक तारीख येथे नोंदवावीशी वाटते. २७ जानेवारी २०२२ रोजी अनिल अवचट वारले. त्याच दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून, सुपरमार्केटांतून, वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. हा निव्वळ योगायोग. पण नाटककाराने असा योग जुळवला असता तर आपण त्याला भडकपणाचा दोष दिला असता. डॉ. अभय बंगांपासून अण्णा हजाऱ्यांपर्यंत अनेकांनी विरोध केला आणि तो निर्णय अमलात आला नाही. तो अमलात आला असता तर माजिवड्यातल्या आपल्या गृहस्थाला दुधाची पिशवी आणि मुलाची वही घेण्यासाठी बाटल्यांच्या फळीसमोरून जावे लागले असते. गुत्ता टाळता येतो. रस्ता बदलता येतो. किराणा कसा टाळावा?

*

यावर एक रास्त आक्षेप येईल. कोणी म्हणेल, ‘एकच प्याला’ ही शोकांतिका आहे, आरोग्य खात्याचे पत्रक नव्हे. सुधाकर बरा होऊन सनद परत मिळवता आणि सिंधू सुखाने संसार करती, तर ते नाटक शंभर वर्षे राहिले असते काय? या आक्षेपात तथ्य आहे. शोकांतिकेला सर्वनाश लागतोच, आणि गडकऱ्यांच्या शेवटाला हात लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझे म्हणणे एवढेच की, तो शेवट दारूचा निसर्गनियम म्हणून वाचू नये. तो सुधाकर नावाच्या एका मानी माणसाचा, त्याच्यासमोर लागलेल्या दारांचा आणि त्याला मिळालेल्या मित्राचा शेवट आहे. शोकांतिका ‘असे घडले’ म्हणते. ‘असेच घडणार’ हे आपण आपल्या पदरचे घालतो. आणि ज्या घरात कोणी दारू सोडू पाहत आहे त्या घरात या एका ‘च’ने फार नुकसान केले आहे. ‘हा काही सुधारायचा नाही’ हे वाक्य मराठी घराने सुधाकराकडून उचलले. उचलायचे होते ते भगीरथाकडून.

त्या उणिवेने रंगभूमीसाठी एक काम मागे ठेवले आहे. भगीरथाचा तो एक प्रवेश पाच अंकांचा व्हायला हवा. त्याचे थरथरते हात, त्याची पहिली संध्याकाळ, लग्नघरात कोणीतरी पुढे केलेला ग्लास, शरदच्या मनातली धास्ती, पगाराच्या दिवशी नाक्यावरून घरी येताना त्याने बदललेली वाट, हे सारे नाट्यच आहे. त्यात तलवारी नाहीत, विष नाही, मरणही नाही. रोज पुढे ढकललेला एक पेला तेवढा आहे. शेवटच्या पेल्यावर नाटक लिहिण्यापेक्षा न घेतलेल्या पेल्यावर नाटक लिहिणे अवघड. पण ‘गेट वेल सून’ने त्या वाटेवर पाऊल टाकले आहे, आणि पुढच्या नाटककाराला गडकऱ्यांच्याच नाटकात बीज तयार आहे.

तोवर निदान घरांनी आपला प्रवेश बरा वठवावा. दिवाळी हा बाजाराचा सर्वांत मोठा सण झाला आहे. तो आपल्या आनंदाचाही सण आहे, हे विसरू नये. फराळाला आलेल्या पाहुण्यांत एखादा असा असतो की जो हल्ली मेजवानीतून लवकर उठतो, पत्त्यांचा डाव मांडला की गच्चीवर जातो, ‘सणासुदीला एवढं चालतं’ म्हटले की नुसता हसतो. त्याला आग्रह करू नये आणि त्याच्यावर पहाराही ठेवू नये. त्याला कंदील बांधायला बोलवावे, किल्ल्याची माती कालवायला मुलांबरोबर बसवावे, बाजारातून सामान आणायला पैसे देऊन धाडावे आणि तो परत येईपर्यंत खिडकीत उभे राहू नये. सुधाकराला गावाने जे नाकारले ते एवढेच होते. काम, विश्वास, आणि उघडे दार. यांपैकी एकही वस्तू माजिवड्याच्या कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही, म्हणून तिची जाहिरात कोणी करत नाही. ती घरातूनच द्यावी लागते.